अकराव्या जागेचा माणूस

दार लोटून घ्या रे. ज्याला परसाकडं जायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन या, मग मध्येच सोबतीला मला उठवायचं नाही. ही गोष्ट आप्पासोची. आमचा बांधाला बांध होता. माणूस सरळ. आयुष्यात एकदाच सोयीचं खोटं बोलला, त्या दिवसाचं हे सांगतो.

सन चौऱ्याहत्तर. कार्तिकातली अमावास्या, शुक्रवार. सकाळच्या एसटीनं आप्पासो आटपाडीकडं निघाला. काखेत एक घोंगडं, दोन सदरे आणि जर्मनचं एक ताट. मेलेल्या माणसाचं सामान त्याच्या आईकडं पोचवायचं होतं.

तेव्हा पलूसच्या अलीकडं ओढ्याकाठी मतिमंद माणसांचा एक आश्रम होता. आश्रम कसला, जुन्या गुऱ्हाळाची पत्र्याची शेड, खिडक्यांना गज. बारा माणसं आत. चालवणारी मंडळी साताऱ्याची. वर्षातनं दोनदा यायची, त्या दिवशी बाराही जणांना नवे सदरे आणि ताटात शिरा. गाडी वळली की सदरे परत पेटीत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. सगळा कारभार लालासाहेब नावाच्या पेन्शनर हवालदाराच्या हाती, आणि आप्पासो त्याचा रखवालदार.

आता विचाराल, असल्या ठिकाणी तो राहिला कशाला? तर बारावा माणूस त्याचा धाकटा भाऊ होता. जोतिबा. व्हय, आपल्या घरी जेवायला येतो तोच. रोजच्यातलं काही इकडचं तिकडं झालं की हा जागीच थिजतो, ते तुम्ही बघताच. गावात पोरं त्याला दगड मारायची. आईबाप नाहीत. आश्रमात दोन वेळचं जेवण होतं, डोक्यावर पत्रा होता. आप्पासोचा हात दगडाखाली सापडलेला. मूग गिळून राहिला.

लालासाहेब रोज रात्री सगळ्यांना पलटणीसारखं रांगेत उभं करायचा आणि गिनती घ्यायचा. ज्यानं त्यानं आपला आकडा बोलायचा, मग जेवण. चुकला की काठी. अकरावा होता सिद्धू, धनगराचा. त्याला शब्द जुळवायला वेळ लागे. ओठ हलत, मानेच्या शिरा ताणत, आणि बऱ्याच वेळानं ‘अकरा’ बाहेर पडे. तो पडला रे पडला की जोतिबा खुशीत ‘बारा’ म्हणे. दोघांचं छान जमलं होतं.

त्या अमावास्येच्या आठ दिवस आधीची रात्र, सिद्धू तापानं फणफणलेला. शब्द येईना. लालासाहेबानं आधी पोटऱ्यांवर मारलं, मग पाठीवर. काठी मोडली तसा कोपऱ्यातला कुदळीचा दांडा घेतला. सिद्धू खाली पडला, तोंडातनं रक्त येत होतं, तरी त्याचे ओठ हलतच होते. आणि आप्पासो कंदील धरून उभा होता. नुसता उभा होता.

पहाटे सिद्धू गेला. त्याला ओढ्याकाठी पुरला. लालासाहेब प्रकरण निस्तरायला साताऱ्याला गेला, आणि जाताना आप्पासोला बजावून गेला, “म्हातारीला सांगायचं, तापानं गेला. न्हाईतर तू आन् तुजा भाऊ दोघं बी रस्त्यावर.”

तर आप्पासो पोचला. सिद्धूची आई रंगुबाई मेंढरांच्या कुंपणाशी बसली होती. तिनं घोंगडं मांडीवर घेतलं, उलगडलं, वास घेतला. रडली नाही.

“ताप हुता?”

“व्हय मावशी. लय ताप हुता.”

“मग ह्ये रगात कशाचं?”

“नाकातनं आलं.”

म्हातारी उठली. आतनं भंडारा आणला आणि त्याच्या उजव्या तळहातावर ठेवला. म्हणाली, “बिरोबाचा हाय. तुज्या जिवाभावाच्या माणसाची आन घे. मंग मी काय इचारत न्हाई.”

आप्पासोला जिवाभावाचं दुसरं होतं कोण? “माज्या जोतिबाची आन,” तो म्हणाला. “तापानं गेला.”

म्हातारीनं मान हलवली. त्याला भाकरी वाढली. ती तशीच ठेवून तो उठला. भंडाऱ्यावर खोटी आन, आणि ती पाठच्या भावाची. येताना एसटीत सारी वाट तो एकच घोकत होता, माझ्या पापाचं त्याच्यावर नको.

रात्री आठाला आश्रमात आला, तर लालासाहेब परतलेला. तो नव्हता तोवर गिनती बंद होती. नवाच्या ठोक्याला त्यानं रांग लावली.

“आज ऱ्हाऊ द्या, हवालदारसाहेब,” आप्पासो म्हणाला. “एक जागा मोकळी हाय.”

“मोकळी कशापायी? जोत्या, सरक हिकडं. आजपास्नं अकरा तू.”

जोतिबा सरकला नाही. दहावा माणूस आणि तो, मध्ये एका माणसाची जागा सोडून उभा राहिला. आप्पासोनं कंदील वर धरला.

एक. दोन. तीन. आवाज सरकत दहापर्यंत आला.

मग कोणीच बोललं नाही.

“म्हण अकरा.”

जोतिबा मोकळ्या जागेकडं कान देऊन उभा होता. अकरा ऐकल्याशिवाय तो बोलणार कसा? काठी पोटरीवर बसली. तो हलला नाही. दुसरी बसली. तिसरीला कातडं फाटलं, रक्त टाचेपर्यंत आलं. त्याचा कान तिकडंच.

“सायेब, ऱ्हाऊ द्या. त्याला कळत न्हाई...”

“गप. कंदील नीट धर.”

आप्पासो गप्प बसला. हो, तेव्हासुद्धा. मला सांगताना या जागी तो नेहमी थांबायचा.

लालासाहेबानं काठी टाकली. कोपऱ्यातला दांडा उचलला. डोक्यावर नेला.

आणि मोकळ्या जागेतनं श्वास ऐकू आला.

ताणलेला. कष्टाचा.

“अ...”

दांडा वरच राहिला.

“अक...”

“कोन हाय त्यो?”

...

“अकरा.”

जोतिबा हसला. “बारा,” म्हणाला.

दांडा लालासाहेबाच्या हातातनं निघाला. कोणी ओढला, दिसलं नाही. पहिला फटका पोटऱ्यांवर. हाड मोडल्याचा आवाज आला. मग पाठीवर. तो गुडघ्यावर आला, मग तोंडावर पडला. दांडा उठत होता... पडत होता. घाई नव्हती.

“आप्पा... सोडीव रं...”

रांगेतलं कोणी हललं नाही. कोणी ओरडलं नाही. आप्पासोला कंदील टाकून पळायचं होतं. हात खाली येईना. मनगट कोणीतरी धरलं होतं. समोरनं. घट्ट. डोळे मिटायला गेला तर हात हिसडला गेला. उजेड लालासाहेबाच्या तोंडावर. बघ.

ते तोंड नंतर तोंड राहिलं नाही. दात मातीत पडले. बोट एक हलत होतं... मग तेही थांबलं.

कोंबडा आरवला तेव्हा हात सुटला.

आप्पासो त्याच पहाटे जोतिबाला पाठीवर घेऊन गावी आला. साताऱ्याच्या मंडळींनी बोभाटा नको म्हणून हवालदार पत्र्यावरनं पडला असं लिहवून घेतलं, आणि आश्रमाला कुलूप लावलं. उरलेल्यांना ज्याच्या त्याच्या घरी धाडलं. जोतिबाची पोटरी भरून आली, बाकी त्याला काही झालं नाही. ती आन त्याला लागली नाही. आठवड्यानं आप्पासो आटपाडीकडं जाऊन रंगुबाईच्या पायावर पडला आणि घडलं ते सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मला त्या दिशीच कळलं हुतं, बाबा. तुज्या तोंडनं ऐकायचं हुतं.”

या गोष्टीला पाच वर्षं झाली. गेल्या माघात आप्पासो झोपेतच गेला. संध्याकाळी निजला तो उठलाच नाही. सकाळी जोतिबा मला बोलवायला आला, तोवर अंग लाकडासारखं ताठलं होतं.

शेवटची आंघोळ आम्ही चौघांनी घातली. पाणी विहिरीचं, माघातलं, बोटं बधिर करणारं. उजव्या मनगटावर पाच बोटं उठलेली होती. चार वरनं, एक खालनं. पाच वर्षं तो उन्हाळ्यातसुद्धा लांब बाहीचाच सदरा का घालायचा, ते मला तेव्हा कळलं. मी तांब्या ओतला आणि पुसायला मनगट धरलं.

सगळं अंग गार होतं. तेवढी जागा तापानं फणफणत होती.