मामांना चहाचं बोलावणं

निर्मला बालीगंजला गेली ती मामीची परीक्षा घ्यायला. मामेभाऊ चिन्मयनं बंगळुरूहून फोन केला होता. "आई ब्याऐंशीची झाली. एकटी राहू शकते की वृद्धाश्रम बघू, ते तू ठरव. तुला गोड बोलता येत नाही, म्हणून तुलाच सांगतोय."

ते खरंच होतं. हावड्याला एकटी राहून निर्मला लोकांच्या घरच्या म्हाताऱ्यांचं करायची. कोण खरंच धड आहे आणि कोण धड असल्याचं सोंग करतंय, हे तिला लगेच कळे.

तिनं घंटा वाजवली. आतून आधी वरची कडी सरकली, मग खालची. दारात मामी उभी. निर्मलाच्या जेमतेम खांद्याला लागणारी. वरची कडी तिच्या डोक्याच्याही हातभर वर.

"ती कडी कशी काढलीस गं?"

"मी कुठं काढते? हे काढतात."

श्यामसुंदरमामांना जाऊन सहा वर्षं झाली होती. झालं, निर्मलानं मनाशी म्हटलं, गेली ही वृद्धाश्रमात.

मग तिनं आपली नेहमीची युक्ती केली. दूध मंद आचेवर ठेवलं, मामीला बाहेरच्या खोलीत आणून बसवलं आणि गप्पा काढल्या. आठवण राहते का, बघू. भर दुपार. पंखा कुरकुरत होता, खाली मासेवाला ओरडत होता.

"मला इथून हलवू नका गं," मामी म्हणाली. "यांचं सगळं इथं आहे."

दुधाचा वास दाटत गेला... आणि स्वयंपाकघरात कुणाचा तरी गुडघा कटकन वाजला.

मामी समोरच बसली होती.

निर्मला उठली. भीती वाटायची ती वाटेल, आधी बघू तर दे. दूध उतू गेलं नव्हतं. पातेल्यावर जाळी होती. शेगडी बंद, आणि ओट्याखाली सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. मामीला तर वाकताच येत नव्हतं. रेग्युलेटर बंद करूनच झोपायचं, हा मामांचा शिरस्ता.

तिनं दूध पुन्हा ठेवलं. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा दाराआडून टक लावून पाहिलं. माणूस दिसला नाही. शेगडीचं बटण तेवढं सावकाश फिरून बंद झालं.

तिनं तिथूनच चिन्मयला फोन लावला. "राहू दे इथंच. इतकी देखभाल तुझ्याच्यानं व्हायची नाही."

मामीचे डोळे भरून आले. निर्मलानं चपला घातल्या आणि दारातून निघताना आपण सगळेच म्हणतो तसं, सवयीनं, म्हणून गेली, "येते मामी. मामा, येते हं. या एकदा आमच्याकडे चहाला."

मामीचा चेहरा उतरला. "यांना नको होतंस गं बोलवायला... हे बोलावणं मोडत नाहीत."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. निर्मलानं चहाचं आधण ठेवलं. शेगडी पेटेना. वाकून पाहिलं. रेग्युलेटर बंद. या घरातल्या अकरा वर्षांत तिनं तो कधी बंद केला नव्हता.

फोन वाजला.

"निर्मले, दूध सगळं उतू गेलं गं. आच विझली... गॅसचा वास येतोय."

"मामी, खिडकी उघड. शेजाऱ्यांना हाक मार. ऊठ आधी."

"राहू दे," मामी शांतपणे म्हणाली. "हे बघतील."

निर्मला दाराकडे धावली. वरची कडी लागलेली होती. गंजलेली, तिनं कधीच न लावलेली. दोन्ही हातांनी ओढली तरी ती हलेना.

ती थांबली. चहाला बोलावलेला माणूस चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही. तिनं रेग्युलेटर चालू केला, शेगडी पेटवली, दोन कप काढले.

"मामा, पटकन घ्या... आणि जा घरी."

फोनवर मामी खोकत होती. पाण्याला नुकतं कुठं आधण येत होतं. आणि निर्मलाच्या डोळ्यांदेखत बटण सावकाश फिरलं.