धुतलेले हात

श्रावणातली संध्याकाळ होती. शाळा सुटली होती आणि मी वाचनालयाच्या खिडक्या लावायला परत गेले. पाऊस आडवा येत होता, पुस्तकं भिजली असती. एवढंच काम.

मुठा खोऱ्यातल्या त्या शाळेत वाचनालय माझ्याकडे होतं. मुलं मला सुलतानाबाई म्हणत. शनिवारी मी शोधाचा तास घ्यायची. प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा आणि उत्तर पुस्तकात शोधायचं.

धनगरवाड्यावरच्या बिरूची सुंदरा सातवीत होती. ती म्हणाली होती, "बाई, फुलं यायच्या आदी कळलावी वळखायची कशी? तिचा कंद लई इखारी. आमच्या चुलत्याचं पोरगं करांदा समजून त्योच खाऊन गेलं."

उत्तर शाळेतच होतं. रंगीत चित्रांचं वनस्पतींचं पुस्तक काचेच्या कपाटात होतं आणि किल्ली हेडमास्तर हैबतराव सरांच्या खिशात. तपासणीला साहेब येतील तेव्हा पुस्तकं कोरी दिसली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. शिवाय पुस्तक घेण्याआधी हात दाखवायचा नियम.

"हात दाखव," सर म्हणाले. तिने दोन्ही तळवे पुढे केले. सरांनी अंगठीच्या बोटानेच ते बाजूला सारले. "शी! शेळ्यांचा वास येतोय. धुऊन ये."

ती धुऊन आली. पुन्हा पाठवली, पुन्हा धुऊन आली. तोवर कपाटाला कुलूप होतं आणि सर सायकलवर टांग टाकत होते. "पुढच्या शनिवारी बघू. शेळ्या राखून शास्त्रज्ञ व्हायचंय काय?"

पुढचा शनिवार तिला मिळाला नाही. घरात दाणा नव्हता. तिने रानातून कंद आणून उकडला आणि धाकट्यांना देण्याआधी स्वतः चाखला. धाकटे वाचले.

तर मी खिडकी लावत होते. ओल्या घोंगडीचा वास आला. मग आवाज... टप... टप. छप्पर गळतंय म्हणून वर पाहिलं. कौलं कोरडी होती. आवाज कपाटाकडून येत होता.

काचेवर दोन तळहात उमटले होते. मी पदराने पुसले. पुसले जाईनात. ते आतून होते. बोटांवरून पाणी ओघळत होतं आणि तळव्याची रेघ न् रेघ स्वच्छ दिसत होती.

"बाई, अजून इथेच?" दारात हैबतराव सर उभे होते.

"सर... हे बघा."

त्यांनी पाहिलं. "कार्टी नुसती! पुसून टाका. उद्या साहेब येणारेत."

"आतून आहेत, सर. किल्ली तुमच्याकडे."

"मग... गळलं असेल पाणी..."

मी कधी कोणाशी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

"हात दाखवा," मी म्हणाले.

"काय?"

"तुमचे हात दाखवा, सर. तिचे धुतलेले आहेत. तुमचे बघू द्या मला!"

त्यांनी हात पाठीमागे लपवले. मी शाळेच्या घंटेचा हातोडा आणला आणि काच फोडली. आत ते पुस्तक कळलावीच्या पानावर उघडं होतं. पान कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या देखत मी ते पान सगळ्या मुलांना वाचून दाखवलं.

आता कपाटाला काच नाही. हात कोणी दाखवत नाही. तरी श्रावणातल्या शनिवारी खोली उघडली, की टेबलावर त्या पुस्तकासमोर दोन ओले ठसे असतात. तळहातांचे नाहीत, हातांच्या पाठीचे. तळवे वर करून हात ठेवावेत तसे. मी म्हणते, "घे गं सुंदरा, वाच." ठसे हलत नाहीत. अजून ती कोणाला तरी दाखवतेच आहे.

हैबतराव सर बदली होऊन गेले. खुशाल आहेत, म्हणतात.

पण यंदा तिच्या ठशांशेजारी आणखी दोन ठसे होते. मोठ्या माणसाचे, चिखलाचे. एका बोटावर अंगठीची खूण होती... आणि ते मी कितीदा धुतले, तरी जात नाहीत.