वल्ह्याचे दोन ठोके

फटफटायच्या आत पाम्फिलनं डॅन्यूब नदीच्या फाट्यात थव्याला भुलवायची लाकडी बदकं सोडली, होडी बोरूत घुसवली आणि पाहुण्याला आलुबुखाराच्या दारूचा घोट दिला. पाहुणे शहरातले दातांचे डॉक्टर, ऑक्टाव. शिकारघराच्या मालकानं काल पाम्फिलला तोंडावर सांगितलं होतं, "काका, उद्याही रानहंस उतरले नाहीत तर मी दुसरा वाटाड्या बघतो."

उतरतील कसे? जन्मभर हे काम दोघांचं. पाम्फिल या काठावरून हंसासारखी साद घालायचा, बायको अग्लाया समोरच्या बोरूतून उत्तर द्यायची आणि थवा भुलायचा. बार काढण्याआधी तो वल्ह्यानं होडीवर दोन ठोके द्यायचा. ती डोकं खाली घेऊन दोन ठोके परत द्यायची. ते आल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा कायदाच. गेल्या हिवाळ्यात ती बर्फाखाली गेली. होडी सापडली, ती नाही. पोटासाठी दुसरं काहीही करता आलं असतं, पण ती नदीत होती ना! मग माणसानं जायचं कुठं?

थवा आला. पाम्फिलनं साद घातली. हंसांनी एक घिरटी मारली आणि ते निघाले.

तेवढ्यात समोरून उत्तर आलं. जरा घोगरं, शेवटी चढणारं, अग्लायाचं असायचं तसं.

"वा काका! जोडीदार आहे, बोलला नाहीत ते," डॉक्टर कुजबुजले.

पाम्फिलनं समोर निरखून पाहिलं. समोरच्या बोरूभोवती पातळ बर्फ होता, कुठंही न मोडलेला. त्यानं पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर. हंस वळले, पाय सोडून तिथंच उतरू लागले. डॉक्टरांनी बंदूक खांद्याला लावली.

"थांबा!" पाम्फिलनं नळी खाली दाबली आणि वल्ह्यानं दोन ठोके दिले.

उत्तर नाही.

"अहो, सोडा! चालले ते!"

"ठोके येऊ द्या."

"कुणाचे?"

"बार नाही म्हणतो ना!"

थवा उठला आणि दिसेनासा झाला.

"म्हाताऱ्या, डोकं फिरलंय तुझं! मालकालाच सांगतो," डॉक्टर ओरडले. पाम्फिलनं लाकडी बदकं गोळा केली. काम गेलं, नदी गेली. त्याला रडू आवरेना.

परतताना मधल्या धारेत, जिथं बांबूही तळाला टेकत नाही, दम खायला त्यानं वल्हं आत घेतलं.

होडीच्या बुडाला, खालून, दोन ठोके पडले.

डॉक्टरांनी हळूच पाय वर घेतले.