गब्दुलचा ठोसा

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर गुदरली तो माणूस आजही तेरखेड्यात राहतो. विचारलं तर सांगतो. फार नाही, पण सांगतो.

अमावास्या नव्हती. रात्रही नव्हती. गेल्या फेब्रुवारीतली भर दुपार होती. ज्वारीची काढणी चालू होती आणि गल्ली ओस पडली होती.

कृष्णराज फटाक्यांच्या कारखान्यात दारू मिसळायचं काम करायचा. त्या खोलीत एका वेळी एकच माणूस बसतो. बदलीवर आलेला उंबऱ्याबाहेर थांबतो आणि विचारतो, "येऊ का?" आतला "ये" म्हणतो, हातातलं खाली ठेवतो, उठतो आणि सरळ पाण्याच्या पिंपाकडं जाऊन हात धुतो. पळायचं नाही. पाय घासायचे नाहीत. मागं बघायचं नाही. वर्षानुवर्षं हे केलं की त्यासाठी विचार करावा लागत नाही.

ऑगस्टमध्ये बब्रुवाननं असंच विचारलं होतं. कृष्णराज "ये" म्हणून उठला. तो पिंपापर्यंत पोचायच्या आत मागं भडका उडाला.

त्यानं बब्रुवानला ओढून बाहेर काढलं. बब्रुवान दवाखान्याच्या वाटेवरच गेला. कृष्णराजचा उजवा हात भाजला.

कातडी भरून आली, पण अंगठा वळेना. मूठ मिटेना. मालकानं निरोप दिला होता, "मूठ मिटली की ये. जागा तुझीच हाय." कृष्णराजला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, पोरांचा खेळ खेळलात तरी चालेल.

म्हणून त्याच्या बायकोनं, सोनालीनं, तालुक्याच्या गावी, वाशीला, भावाकडं पडून असलेली जुनी व्हिडिओ गेम आणली.

गब्दुल म्हणजे पोरांच्या कार्टूनमधलं हत्तीचं पिल्लू. लंगोट लावून कोल्ह्यांना बुकलून काढायचं. कोल्हा पडायचा, डोक्याभोवती चांदण्या फिरायच्या, की उठून पळायचा. कुणाला लागायचं नाही. रक्त निघायचं नाही. रिमोटवर डाव्या अंगठ्यानं गब्दुल चालवायचा, उजव्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं की ठोसा.

बत्तीस वर्षांचा बाप्या रोज दुपारी मांडी घालून टीव्हीसमोर बसायचा. त्याचा गब्दुल नुसता चालायचा. कोल्हेच त्याला बडवायचे.

"आवं, निस्ता हिंडतोय की तुमचा गब्दुल," सोनाली म्हणायची. "एकदा तरी हाणा त्या कोल्ह्याला!"

"त्यो तुझ्या भावासारका दिसतोय. म्हणून सोडलाय."

"माझा भाऊ असता तर तुमाला झाडावर चढवलं असतं."

त्या दुपारीही असंच चाललं होतं. सोनाली भिंतीकडेला सूप घेऊन ज्वारी निवडत होती. गेमचं गाणं वाजत होतं.

मग गाणं थांबलं…

गब्दुलनं ठोसा मारला.

कोल्हा पडला. चांदण्या फिरल्या नाहीत. कोल्हा उठला नाही.

"हाणला!" सोनालीनं सूप खाली टाकलं. "आवं, वळला की अंगठा!"

कृष्णराजनं हाताकडं पाहिलं. अंगठा काठीसारखा ताठ होता. बटणाला शिवलेलाही नव्हता.

पडद्यावर दुसरा ठोसा बसला. मग तिसरा. पडलेल्या कोल्ह्यावरच. सावकाश, मध्ये थांबून.

तेवढ्यात पाठीमागं, उंबऱ्यापाशी, कुणीतरी खाकरलं…

"येऊ का?"

"ये," कृष्णराज म्हणाला.

त्यानं रिमोट खाली ठेवला. उठला. सरळ अंगणातल्या पिंपाकडं गेला. मागं पाहिलं नाही.

पाण्यात हात बुडल्यावर तो भानावर आला.

दारात त्याला कुणीच भेटलं नव्हतं…

मागं कडी लागली. आतून.

ढप्प. हा गेमचा आवाज होता. त्यानं महिनाभर ऐकलेला.

मग काहीच नाही.

ढप्प.

पुढचा आवाज गेमचा नव्हता. त्याच्यामागोमाग सोनालीची किंकाळी आली.

कृष्णराज खांद्यानं दाराला भिडला. दार हललं नाही. शेजारच्या कस्तुराबाई अंगणात भांडी घासत होत्या. त्या राखेच्या हातांनीच धावत आल्या.

"काय रं? कोण हाय आत?"

"काकू, पहार आणा! सोनी हाय आत!"

पहार येईपर्यंत आतले आवाज थांबले नाहीत. घाईनंही आले नाहीत. एक. मग थांबणं. मग एक.

कस्तुराबाईंनी पहारीनं कडी उचकटली. दार उघडलं.

आत सोनालीशिवाय कुणी नव्हतं.

ती कोपऱ्यात पडली होती. ओठ फाटला होता, दोन दात ज्वारीत पडले होते, डावा हात कोपराखाली नको तिकडं वळला होता. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे होते. टीव्ही चालू होता. गब्दुल पडद्यावर नुसता उभा होता.

कृष्णराजला बघून तिनं चांगला हात तोंडावर घेतला.

"बास करा," ती म्हणाली. "आता नका मारू."

"अगं, ह्यो तर बाहिर हुता!" कस्तुराबाई म्हणाल्या. "म्या बघितलं की. पिंपापशी हुता, मग माझ्यासंगं दारापशी."

"मग मला मारलं कुणी?" सोनाली रडत नव्हती. "ह्येच हुते. ह्यांचाच हात. तोंडावर राग न्हवता, काय न्हवतं. बटण दाबल्यावानी मारत हुते."

कस्तुराबाईंनी कृष्णराजच्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग कृष्णराजनं पाहिलं.

मूठ मिटलेली होती…

अंगठा घट्ट वळलेला. बोटांची हाडं सोललेली, त्यांवर रक्त. दाराला त्यानं हात लावलाच नव्हता, खांदाच लावला होता.

सोनालीचा भाऊ तिला वाशीला घेऊन गेला. कृष्णराजला तो तिथंच आडवा करणार होता. कस्तुराबाई मध्ये पडल्या, म्हणून वाचला. "पोराच्या शपथंवर सांगते, त्यो बाहिर हुता," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

डॉक्टरांनी हात तपासला. खूश झाले. अंगठा वळत होता, मूठ मिटत होती, पकड पहिल्यासारखी होती. मालकाचा फोन आला, "सोमवारपास्नं ये."

ज्यासाठी कृष्णराज सहा महिने झुरला, ते हातात आलं होतं.

कामावर जायच्या आधी तो वाशीला गेला. सोनालीच्या हाताला प्लास्टर होतं, तोंडावरची सूज उतरली होती. त्याला बघून ती उठली. पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"कस्तुराकाकू खोटं न्हाय बोलत," ती म्हणाली. "म्या येते घरी. पर मला उमजू द्या, की तुमी…"

ती थांबली. तांब्या तिच्या हातातच राहिला.

कृष्णराजच्या मांडीवर त्याचा उजवा हात होता. बोटं मिटलेली. आणि अंगठा हलत होता.

खाली दाबला जात होता. एकदा. मग थांबून… एकदा.

कृष्णराज हलवत नव्हता.

तो उठला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं उजवा हात पाट्यावर ठेवला आणि डाव्या हातानं वरवंटा घातला. पहिल्या घावात अंगठा मोडला. तो थांबला नाही. कस्तुराबाई धावत आल्या, तेव्हा हाताचा चेंदा झाला होता आणि कृष्णराज शुद्धीवर होता.

कारखान्यातली जागा दुसऱ्याला गेली. सोनाली घरी आली. गेम तिच्या भावानं तेरणा नदीच्या पात्रात फेकली म्हणतात.

कृष्णराजचं प्लास्टर काढायची तारीख एप्रिलमध्येच उलटून गेली. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला, तो गेला नाही. प्लास्टर काळं पडलं आहे. वास येतो. सोनाली त्याच्या डाव्या बाजूनं वाढते आणि रात्री आतल्या खोलीत कडी लावून झोपते.

"काढून घ्या की ते," परवा तीच म्हणाली. "कुजंल हात."

"कुजू दे," कृष्णराज म्हणाला.

घरात दुसरा आवाज नव्हता, म्हणून तो नीट ऐकू आला. प्लास्टरच्या आतून.

टक…

मग थांबून…

टक.