हिलालच्या गाडीचं कपलिंग

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात हिलालने गोडादरा वस्तीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जवळजवळ पुरी करत आणली. इंजिन रिक्षाचं, सांगाडा भंगारातल्या जीपचा. क्लच-ब्रेक हाताने चालतील असे, कारण गाडी बायकोसाठी होती. यंत्रमागाच्या पट्ट्यात साडी अडकून सुंदराचे दोन्ही पाय गेले, त्याला चार वर्षं झाली होती. त्या खात्यातला, मागांच्या कारखान्यातला, माग जोडणारा फिटर हिलालच होता.

"एकदा आईच्या दारात माझी मी जाईन," ती म्हणायची.

अडलं ते कपलिंगपाशी. स्टिअरिंगचा वरचा दांडा आणि खालचा दांडा जोडणारा हा मुठीएवढा तुकडा नीट बसेचना. स्टिअरिंग पाव फेरी नुसतंच फिरे, मग कुठे चाकं हलत. हिलालने पत्र्याच्या पट्ट्या घातल्या, बोल्ट बदलले. शेवटी लेथवाल्या धुडकूकडून नवं कपलिंग कातून आणलं. ठोकून बसवावं लागलं, इतकं घट्ट. सकाळी पाहतो तर पुन्हा तेवढंच ढिलं.

धुडकूने स्वतः येऊन माप घेतलं. केसाचाही फरक नव्हता. त्याने एकदा स्टिअरिंग धरून पाहिलं, पटकन सोडलं आणि चहा न घेताच निघून गेला.

हिलालला कारण कळलं होतं. ढिलेपणा संपायचा तिथे लोखंडाला लोखंड लागत नव्हतं. कोणीतरी अलगद मागे ओढत होतं.

"खालून कोणी धरेल आहे का हो?" सुंदराने हसत विचारलं. पण स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले.

रविवारी दुपारी खाती बंद होती. आभाळ भरलेलं, वस्तीत मागांचा खडखडाट नाही. हिलालने सुंदराला उचलून सीटवर बसवलं आणि तो गाडीखाली सरकला. बोल्ट काढले. कपलिंग निसटून छातीवर पडलं. दोन दांड्यांमध्ये आता चार बोटं मोकळी जागा होती.

"सुटलंय. फिरवू नको," तो म्हणाला.

वरचा दांडा फिरला.

खालचाही फिरला. त्याच क्षणी, जराही ढिलेपणा न घेता. पुढची चाकं त्याच्या कानाशी माती चिरडत वळली.

"सुंदरा, हात काढ."

चाकं उलटी वळली.

"सुंदरा!"

"काय झालं हो?"

आवाज घरातून आला. स्टोव्हची फरफरही ऐकू येत होती.

"तू आत कशी गेलीस?"

"आता तुम्हीच तर उचलून आणलं. चहा ठेव म्हणालात."

डोक्यावर सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

"बरं केलं," सुंदरा आतून म्हणाली, "आज हात धुयेल होते तुमचे."

हिलालने हात डोळ्यांसमोर धरले. मनगटापर्यंत काळं, ओलं ग्रीस होतं.