दुमडलेलं टोक

"सिस्टर, सात नंबर गेले!"

धाकटी नर्स ओरडत आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बाराच्या आत इन्स्पेक्टर वॉर्डात हजर झाला, कारण खाटेजवळच्या कचऱ्याच्या बादलीत पोटॅशियमची रिकामी कुपी सापडली होती. हे औषध थेट शिरेत ढकललं की हृदय बंद पडतं, हे नर्सना पहिल्याच वर्षी कानीकपाळी ओरडून सांगतात.

संशय त्या पोरीवरच गेला. नोकरीला जेमतेम चार महिने झालेले, आणि दहा वाजता सात नंबरच्या म्हाताऱ्याच्या शिरेतली नळी धुतली होती तिनेच.

"नंतर जवळ कोण गेलं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"त्यांच्या पत्नी आणि धाकटे भाऊ. पावणेअकराला ते भावाशी भांडत होते, साहेब. खणखणीत आवाजात," पोरगी हुंदके देत म्हणाली.

"औषधांच्या कपाटाची चावी कुठे असते?"

उत्तर इन्चार्ज सिस्टरने दिलं. "रजिस्टरमागे. मोठ्या बाईंच्या काळापासून तिथेच."

"कोण मोठ्या बाई?"

"सात नंबरच्या पत्नी. वीस वर्षं हा वॉर्ड त्यांचा होता. मला पहिली सुई टोचायला त्यांनीच शिकवलं."

पोरगी ओंजळीत तोंड लपवून रडत होती. आज तिच्या हातात बेड्या पडल्या, तर पुन्हा कुणी तिच्या हातात सुई देणार नव्हतं.

सिस्टरने चादर बाजूला केली. माणसांच्या तोंडापेक्षा हातांवर तिचा जास्त विश्वास. दंडातून हृदयाजवळ नेलेली बारीक नळी, तिला दोन तोंडं. एकातून सलाइन चालू होतं, दुसरं हिरव्या टोपीने बंद. त्यावरच्या चिकटपट्टीचं एक टोक नीट आत दुमडलेलं होतं.

सिस्टरने त्या टोकावरून बोट फिरवलं.

"दहा वाजता ही पट्टी तू लावलीस?"

"हो. सपाट. टोक दुमडायचं विसरले म्हणून तुम्ही लगेच येऊन रागावलात, पण पट्टी तशीच राहू दिलीत."

"बादली कधी रिकामी केली होती?"

"साडेनऊला."

सिस्टरने बादली पाहिली. कुपी होती, आणि काढून टाकलेली हिरवी टोपी एकच.

मोठ्या बाई नातेवाइकांच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. दीर कोपऱ्यात नाक पुसत होता. सिस्टरने पोरीला आणि इन्स्पेक्टरला आत घेतलं आणि दार लोटलं.

"औषध दहाला दिलेलं नाही," ती म्हणाली. "पोटॅशियमला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि पावणेअकराला ते भांडत होते. म्हणजे नळी दुसऱ्यांदा उघडली गेली. पट्टी निघाली, पुन्हा लागली, आणि या वेळी टोक दुमडलं गेलं. म्हाताऱ्या कातडीवरून पट्टी ओढताना दुखू नये म्हणून. इथे तसं दोघीच करतात. एक मी."

"मग तुम्हीच कशावरून नाही?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"टोपीमुळे. आता दर वेळी जुनी टोपी फेकून नवी लावतात. मी किंवा हिने नळी पुन्हा उघडली असती, तर बादलीत दोन टोप्या असत्या. कुणीतरी काढलेलीच परत बसवली. दीरसाहेबांना चावीही ठाऊक नाही. चावी माहीत, टोक दुमडायची सवय, पण या टोप्या मात्र निवृत्तीनंतर आलेल्या, असं एकच माणूस." ती मोठ्या बाईंकडे वळली. "बाई, का?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"मला त्यांचे हाल बघवत नव्हते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"त्यांनी मागितलं होतं?"

"नाही." त्यांनी मान खाली घातली. "आज सकाळी तर बरं वाटतंय म्हणाले."

दीर भिंतीला टेकून खाली बसला. सिस्टरला रडू येत होतं आणि रागही, पण राग जास्त होता.

"ही पोर तासभर रडतेय, बाई. तुम्ही ऐकत होतात. ती अडकली असती, तर काय केलं असतंत?"

मोठ्या बाई चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिल्या.

सिस्टरने सात नंबरचा चार्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. "जो औषध देईल, त्याने सही करायची. हेही तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी चष्मा लावला. पोरीच्या दहाच्या सहीखाली त्यांनी वळणदार अक्षरात औषधाचं नाव लिहिलं, वेळ घातली, सही केली. मग सवयीने वरची नोंद तपासली आणि पोरीकडे न बघता म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे."