चावीची वादी

शेकोटीत अजून एक लाकूड सारा, मोबाइल खिशात घाला, मगच सांगतो. ज्याच्यावर बेतलं तो युवराज माझ्या चुलत भावाचा, आश्रुबाचा, थोरला. बीडला राहतो. चांगला उंचापुरा गडी, पण आता अंधार पडल्यावर घाट उतरायचा म्हटलं की कुणाला तरी सोबत धरतो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

युवराजला जुन्या गाड्यांचं वेड. घरी शेती चांगली, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालतंय, पण हा रविवार आला की गंजके पत्रे घासत बसायचा. त्याला कुणीतरी एक फोटो पाठवला. लिंबागणेशच्या अलीकडे, आत एका वस्तीवर, कडब्याच्या गंजीशेजारी एक विलायती गाडी उभी. बुटकी, लाल, पळायलाच बनवलेली. दोन दारं, दोनच शिटं, वर कापडी टप. कंपनीचं नाव मला धड घेता येत नाही, ते सोडा. फोटो पाहिल्यापासून युवराजला अन्न गोड लागेना, एवढं कळलं तरी बस्स.

गाडी होती परमेश्वरची. तो ट्रकवर ड्रायव्हर. पुण्यात भंगारात निघालेली ती गाडी त्यानं ओढून आणली आणि तीन वर्षं खपून स्वतःच्या हातानं उभी केली. मागल्या सालच्या पावसाळ्यात तो विहिरीवर मोटर चालू करायला गेला, शॉक लागला, जागीच संपला. गाडीत काही झालेलं नाही, हे ध्यानात ठेवा. मागं राहिली आई, सुंदरबाई. धाकटा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले, तसे सगळ्या वस्तीचेच गेलेले. "त्याच्या गाडीवर कोंबड्या बसत्यात, बघवत न्हाई," म्हणून म्हातारीनं विकायला हो म्हटलं.

मागल्या सालची कार्तिक वद्य चतुर्दशी, अमावास्येची आदली रात्र, वार सोमवार. युवराज दुपारी जीपनं फाट्यावर उतरला. नवी बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन बरोबर. देणंघेणं, सह्या आधीच उरकल्या होत्या. फक्त गाडी चालू करून घरी न्यायची. पण चार-पाच महिने उभी असलेली गाडी ती, लगेच कशी ऐकेल? हे उघड, ते पूस, धक्का दे, असं करता करता दिवस मावळला. अंधार पडल्यावर तिनं एकदम आवाज टाकला आणि युवराज लहान पोरासारखा नाचला.

म्हातारीनं चावी मागून घेतली. चावीला कातड्याची जुनी वादी होती, तिच्यावर कंपनीचा पितळी बिल्ला. गाडीबरोबर विलायतेहून आलेली अस्सल चीज. म्हातारीनं चावी सोडवून युवराजच्या हातावर ठेवली आणि वादी दाराच्या खुंटीला अडकवली.

"मावशी, ती वादी? ती तर गाडीचीच आहे."

"आमच्यात जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, दादा. जनावर जातं, दावं घरी ऱ्हातं. तुमच्यात न्हाई का?"

"असतंय की. पण हे जनावर थोडंच हाय?"

म्हातारीनं खुंटीवरच्या वादीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "माझा परमेश्वर अजून घरातनं गेला न्हाई. रातच्याला खोकतो. मी जागीच असते, ऐकते. ह्या वादीला हात लावूनच तो भाईर पडायचा, अन् हितंच अडकवायचा. ती खुंटीला हाय म्हनून तो हाय. दावं सुटलं तर मी कोनाला राखायचं?"

एवढं ऐकल्यावर माणसानं काय करावं? नमस्कार करावा आणि निघावं. पण युवराजचा जीव त्या बिल्ल्यात अडकला होता. तेवढ्यात लाइट गेली. म्हातारी गाडीला लावायला कुंकू आणते म्हणून चाचपडत आत गेली. ह्यानं स्वतःच्या बुलेटच्या चावीची वादी काढली, खुंटीला अडकवली, आणि ती अस्सल खिशात घातली. ज्या बाईला दिवसाही नीट दिसत नाही तिला फसवलं, आणि वर तिच्याच हातून गाडीला कुंकू लावून घेतलं. मला आजही त्याचा राग येतो.

गाडी निघाली. दोन्ही अंगाला कुलपं लागलेली घरं. एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कच्चा रस्ता संपून डांबर लागलं तसा युवराज खुशीत आला. वादी खिशातून काढून चावीला जोडली. इंजिन सुरात चाललं होतं, थंडी होती, रस्ता मोकळा. त्याला वाटलं, आपल्यासारखा नशीबवान आज बीड जिल्ह्यात नसेल.

मांजरसुंबा जवळ आलं आणि कुणीतरी खोकलं.

त्यानं मागं पाहिलं. मागं शीटच नव्हतं. रस्त्याकडेला कुणी असेल म्हणून त्यानं गाडी पुढं काढली.

परत खोकला. कोरडा. डाव्या बाजूनं. आतून.

युवराजनं डावीकडं पाहिलं नाही. मला म्हणाला, "काका, मान वळंचना." पण समोरच्या काचेवर त्याची नजर गेली. उजवी अर्धी काच साफ होती. डाव्या अर्ध्या काचेवर आतून वाफ धरली होती. ती जरा विरायची, परत धरायची. जरा विरायची... परत धरायची.

कुणीतरी श्वास घेत होतं.

हायवेवर ट्रक होते, धाब्याचे दिवे होते. थांबावं, उतरावं, माणसांत जावं. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली नाही. दिवे मागं गेले. आणि घाट सुरू झाला.

उतार. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही. गाडी आवरायला गिअर खाली टाकायला हवा. त्यानं डावा हात गिअरच्या मुठीवर नेला...

तिथं आधीच एक हात होता.

गार. खरखरीत. मेकॅनिकचा असतो तसा.

तो हात हलेना. गिअर पडेना. ट्रॉली जवळ आली. ऊस काचेला टेकायला आला. युवराजला घरचं दार दिसलं, बायको दिसली. आणि पहिल्यांदा शहाणपण सुचलं. तो ओरडला, "नेतो! माघारी नेतो! वादी तुझ्या आईला देतो! सोड!"

काही नाही.

काही नाही...

हात मुठीवरून निघालाच नाही. मग त्या हातानंच गिअर टाकला. असा अलगद, की युवराजला आयुष्यात तसा टाकता आला नाही. गाडी नरमली. ट्रॉली पुढं निघून गेली.

घाटाखाली त्यानं गाडी वळवली. माघारी जाताना कुणी खोकलं नाही. काच मात्र डावीकडं तशीच, धरायची आणि विरायची.

वस्तीवर सुंदरबाई दारातच बसली होती. अजून लाइट आली नव्हती. शेजारी चिमणी. मांडीवर बुलेटची वादी.

"बिल्ला न्हाई हिला," ती म्हणाली. "डोळे गेले लेकरा, बोटं न्हाई गेली. कावून केलंस?"

युवराज पुढं झाला. त्यानं पाय धरले आणि अस्सल वादी तिच्या हातात दिली. तिनं ती गालाला लावली, उठली, खुंटीला अडकवली. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं, गाडीकडं बघून म्हणाली, "उतर रं बाबा. दमला असशील."

मागं गाडीचं दार वाजलं. डावं. युवराजनं वळून पाहिलं नाही, आणि मी असतो तर मीही पाहिलं नसतं.

म्हातारी उंबऱ्यात बसली. कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेतली, तळहातावर तेल ओतलं. "किती कोरडं पडलंय डोस्कं. आईला सोडून कुटं निगालतास?" असं म्हणत ती तेल चोळू लागली. गुडघ्याच्या जरा वर, हवेत. तिचे हात गोल फिरत होते. युवराज म्हणतो, तेल तिच्या बोटांवरून ओघळत होतं, पण खाली एक थेंब पडत नव्हता.

"तू जा आता," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "ह्यो येत न्हाई. मी धरलाय."

तो निघाला. मांजरसुंबा गेलं, कपिलधारचा फाटा गेला, घाट उतरला. खोकला नाही, वाफ नाही. दोन्ही अंगांनी काच साफ. गिअर त्याच्याच हातानं पडत होता, खडखडत, नेहमीसारखा. त्याला रडू आलं. मोठ्यानं रडत, देवाचं नाव घेत तो बीडला पोचला, शेडमध्ये गाडी लावली, कुलूप ठोकलं, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी झोपला.

सकाळी उठल्यावर धीर आला. उजेडात भीती वाटत नाही माणसाला. बादली आणि फडकं घेऊन गाडी धुवायला गेला. कुलूप होतं तसंच होतं. तेवढ्यात फोन वाजला. धाकट्यानं म्हातारीला बटणाचा फोन घेऊन दिलेला, त्यावरून ती बोलत होती. आवाज इतका हलका, की आधी ओळखूच आला नाही.

"लेकरा, तुला शिव्या देनार हुते. न्हाई देत. लई उपकार झाले तुजे. रातभर एकदा बी खोकला न्हाई बघ. तेलानं कसा गाढ झोपलाय. मी उठवलं न्हाई. झोपू दे म्हनलं."

"हो, मावशी," युवराज म्हणाला.

बोलता बोलता त्यानं डावं दार उघडलं होतं. टप आतून पांढऱ्या कापडाचा. डाव्या शिटाच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं जिथं टेकतं तिथं, वाटीएवढा गोल डाग होता. त्यानं बोट लावलं. नाकाशी नेलं.

फोनवर म्हातारी अजून सांगत होती, उठला की त्याला काय करून घालणार ते. युवराज "हो, मावशी... हो, मावशी..." म्हणत राहिला.

बोटाला खोबरेल लागलं होतं. डाग अजून ओला होता.